थोडं थोडं, कळू न देता

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन हॉलमध्ये आहे, हॉलमध्ये बाबा आहेत आणि बाबांचे कान तुम्हाला माहीत आहेत.

घरमालकांचा मुलगा परत येतोय. त्याला ही जागा हवी आहे. मार्चअखेर आपल्याला घर सोडायचंय. त्यांनी इतक्या चांगल्या शब्दांत सांगितलं, की भांडताही आलं नाही. हॉस्पिटलजवळ तिसऱ्या मजल्यावर एक जागा मिळाली आहे. लिफ्ट आहे, उजेड आहे, मला लॅबमध्ये चालत जाता येईल. तक्रार करावी असं त्या जागेत काही नाही. फक्त बाबांना अजून सांगितलेलं नाही.

आई गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद आहे, या घरातून मी आडवाच निघणार. डॉक्टर म्हणतात, त्यांच्या मनाला ताण नको. तुमचा भाऊ म्हणतो, बघू. दिवसभर अ‍ॅम्ब्युलन्स पळवणाऱ्या माणसाला घरात कसलीच घाई नसते, हे मला लग्नानंतर कळलं.

त्यात हल्ली बाबांची शिस्त फार वाढली आहे. सगळं आयुष्य टपालाच्या सॉर्टिंगमध्ये गेलं, पत्र हातात आलं की नेमक्या खणात. आता घरातली प्रत्येक वस्तू त्यांना तिच्या खणात लागते. वरच्या फळीवर पहिला चहाचा डबा, शेजारी साखर, मीठ खालच्या फळीवर. परवा मी घाईत डब्यांची अदलाबदल केली, तर दिवसभर अबोला. खुर्ची वीतभर सरकलेली त्यांना खपत नाही. गल्लीतले लोक त्यांना पोस्टमास्तर म्हणतात. ऑफिसात ते कधी मास्तर नव्हते, ती हौस घरी भागवून घेतात.

अशा माणसाचं घर हलवायचं कसं? बदल्यांच्या नोकरीपायी तुमची इतकी घरं झाली. मला काहीतरी सांगा. मी आत्ताच दमून गेलेय आणि अजून एक खोकंसुद्धा घरात आलेलं नाही.

तुमची,
नवी

ता. क. लग्नाच्या दिवशी बाबांनी "ही आमची नवी" म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली, ते नाव अजून सुटलेलं नाही. नव्या जागेत तरी बढती मिळेल का, बघा.


१३ फेब्रुवारी

प्रिय नवी,

बढतीचा अर्ज पोस्टमास्तरांकडे कर. माझ्या हातात काही नाही.

बाकी घर हलवण्याबद्दल मला विचारलंस हे बरं केलंस. या एका विषयात मला कुणी हरवू शकत नाही. पहिल्या वेळी मी सगळं शेवटच्या दिवशी भरलं आणि नव्या घरी पोचल्यावर चहाची पातेली कुठल्या खोक्यात आहे ते आठवड्याने कळलं. आमच्या ह्यांनी त्या सबंध धामधुमीत स्वतःच्या हाताने एकच वस्तू नेली, भिंतीवरचं घड्याळ. तेही बंद होतं.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. रोज थोडं थोडं भरायचं, घराला कळू न देता. आधी जे लागत नाही ते, मग जे कधीतरी लागतं ते. खोक्यांवर तुझ्या लॅबमधल्या बाटल्यांसारख्या चिठ्ठ्या लाव. बाबा दुपारी झोपतात ना, तेवढा वेळ पुष्कळ झाला. पॅसेजमधलं चपलांचं कपाट, आईचं शिवणाचं मशीन, ती भलीमोठी पेटी, कुणी वापरत नाही ते सगळं आधी काढ. त्यांना आत्ता काही सांगू नकोस. सांगितलंस तर रोज वाद आणि रोज रक्तदाब. घर हळूहळू रिकामं होईल, एक दिवस त्यांच्या ध्यानात येईल, आणि तोवर त्यांचं मन आपोआप तयार झालेलं असेल. त्यांची खुर्ची आणि पलंग मात्र शेवटी.

तुझ्या तब्येतीला जप. धाकट्याला "बघू" म्हणू देऊ नकोस, त्याच्या हातात खोकं दे.

तुझी,
ताई


४ मार्च

प्रिय ताई,

तुमची पद्धत चालू केली. लॅबमधून दुपारी घरी येते, बाबा झोपलेले असतात, चप्पल काढते आणि चोरासारखी कामाला लागते. चिकटपट्टी ओढताना आवाज होतो म्हणून ती बाथरूममध्ये दार लावून कापते. सुट्टीच्या दिवशी तुमचा भाऊ खोकी खाली नेतो आणि नव्या जागेत ठेवून येतो. चपलांचं कपाट गेलं, मशीन गेलं, पेटी गेली. बाबांनी एका अक्षराने विचारलं नाही. त्या दृष्टीने सगळं सुरळीत आहे.

पण बाबाच सुरळीत नाहीत, ताई.

पॅसेजमध्ये मधेच थांबतात. जिथे कपाट होतं तिथे हात पुढे करून उभे राहतात, जणू कुणी काही देणार आहे. स्वयंपाकघरात यायचे, स्वतःचा चहा स्वतः करायचे, ते बंद झालं. परवा केला तर अर्धा ओट्यावर. काल बाथरूमच्या दाराशी पडले. तुमच्या भावाने उचललं. फार लागलं नाही, गुडघा खरचटला आणि कपाळाला टेंगूळ आलं. मी धावले तर माझ्यावरच ओरडले, इथली पेटी कुठे गेली म्हणून नाही, तर मी धावत का आले म्हणून.

तुमचा भाऊ म्हणतो वय झालं. मला वाटतं त्यांना विसरायला होतंय. स्वतःच्या घरातला रस्ता माणूस असा कसा विसरेल? संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला बसते तेव्हा मात्र अगदी पहिल्यासारखे असतात. चष्मा सापडत नाही हे त्यांचं नेहमीचं कारण, आणि कालची बातमी मी आज चुकून परत वाचली तर लगेच पकडतात. मग ते कसलं विसरणं?

मला कळेनासं झालंय. कामावर चुकीच्या बाटलीला चिठ्ठी लावता लावता राहिले. लॅबच्या मोठ्या बाईंनी पाहिलं आणि घरी जा म्हणाल्या. घरी गेले आणि खोकी भरली.

तुमची,
नवी


१० मार्च

प्रिय नवी,

पत्र वाचलं आणि वाईट वाटलं. बाबांच्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं, आधी घरात चुकायची, मग माणसांत. मी तुला घाबरवत नाही, पण मनाची तयारी असू दे.

आता ऐक. सामान पूर्ण हलेपर्यंत बाबांना माझ्याकडे पाठव. रविवारी धाकटा त्यांना आणून सोडेल, त्याच्याशी बोलले आहे. बाबांना सांगू, मला तुमची आठवण येते, थोडे दिवस राहायला या. ते काही खोटं नाही. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे, मोठी खिडकी आहे, समोर झाडं आहेत, बसल्या बसल्या बघता येतील. आमच्या ह्यांना पत्ते खेळायला कुणी मिळत नाही, त्यांचीही सोय होईल.

तू निवांतपणे घर लाव आणि दोन दिवस झोप.

तुझी,
ताई


२० मार्च

प्रिय नवी,

हे पत्र तुला लिहावं की नाही याचा विचार करण्यात तीन-चार दिवस गेले. इथेही फोन बाबांच्या खोलीच्या दाराशीच आहे.

आले त्या दिवशी त्यांनी खोलीच्या चारही भिंतींना हात लावून फेरी मारली. आमचे हे म्हणाले, इमारतीची तपासणी चालली आहे वाटतं. आम्ही हसलो. त्यानंतर ते खुर्चीत बसले ते बसलेच. पाणी हवं असेल तर कुणी जवळून जाईपर्यंत थांबतात. बाथरूमला जायला माझा हात धरतात, मला वाटलं नवीन जागा म्हणून पहिला दिवस असेल, पण रोज तेच. पत्त्यांचं नाव काढलं की कंटाळा आला म्हणतात. जेवताना वाटी सांडते. खिडकीकडे पाठ करून बसतात. मी खुर्ची वळवून दिली, "बाबा, झाडं बघा" म्हटलं, तर छान आहेत म्हणाले. खिडकी आणि झाडं यांच्या मधे तेव्हा चादरी वाळत होत्या, झाडं दिसतच नव्हती.

परवा रात्रीचं अंथरूण ओलं झालं. त्यांनी स्वतः चादर काढून घडी करून ठेवली होती, म्हणजे मला कळू नये म्हणून. आपले बाबा, नवी.

इथे विस्मरण झालेल्या वृद्धांसाठी एक निवास आहे. स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं असतात. मी बघून आले. एक जागा रिकामी आहे आणि महिनाअखेर हो की नाही ते त्यांना सांगायचंय. तुझी नवी जागा तिसऱ्या मजल्यावर, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. मी इथे एकटी किती उचलणार, माझीही कंबर आता माझं ऐकत नाही. धाकट्याला विचारलं तर काय म्हणाला असेल ते तुला सांगायला नको. मला तुझा होकार हवा आहे. इतकी वर्षं त्यांचं तू केलंस. तू नको म्हणालीस तर मी पुढे जाणार नाही, पण नको म्हणण्याआधी विचार कर.

तुझी,
ताई


२४ मार्च

प्रिय ताई,

निवासाच्या लोकांना नाही सांगा. आधी हे सांगते, मग कारण.

आज शेवटचं सामान गेलं. घरमालकांना घर स्वच्छ करून द्यायचं म्हणून मी एकटी मागे थांबले होते. बादली आणि फडकं घेऊन पॅसेजची भिंत पुसायला लागले. तिथे एक पट्टा आहे, ताई. कमरेच्या जरा वर, हाताच्या रुंदीचा, काळपट आणि गुळगुळीत. इतकी वर्षं मी त्या भिंतीजवळून जाते, कधी दिसला नाही, कारण मधे मधे सामान होतं. बाबांच्या पलंगापासून सुरू होतो. जिथे चपलांचं कपाट होतं तिथे तुटतो, कपाट संपतं तिथे पुन्हा लागतो. पेटीच्या जागेशी तुटतो आणि बाथरूमच्या चौकटीशी जाऊन थांबतो. दुसरा फाटा स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत जातो.

फडकं खाली ठेवलं आणि त्या पट्ट्यावर हात ठेवून चालून बघितलं. डोळे मिटून. कपाटाची जागा आली, हात हवेत गेला आणि मी थांबले. अगदी तशीच थांबले, जसे बाबा थांबायचे.

त्यांना विसरायला होत नाहीये. त्यांना दिसत नाहीये.

मग एकेक आठवायला लागलं. न सापडणारा चष्मा. मी वाचून दाखवायचा पेपर. चहा ओतताना कपाच्या काठावर ठेवलेलं बोट, मी त्यांना कितीदा म्हटलं, बाबा, बोट भाजेल. बाहेर आता काय बघायचं राहिलंय म्हणून बंद केलेलं फिरणं. आणि ते डबे. मी त्याला खडूसपणा म्हणत होते. त्यांचं सगळं घर खणाखणांनी हाताखाली होतं आणि आपण ते थोडं थोडं, त्यांना कळू न देता, काढून घेतलं. त्यानंतर त्यांना उरलेल्या घरातूनही उचललं आणि अनोळखी खोलीत ठेवलं.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सल्ला तुमचा असला तरी हात माझे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टरांच्या आधी त्यांनाच विचारा, आडून आडून नको, सरळ.

भिंत पुसायची राहिली. तशीच ठेवून कुलूप लावलं.

तुमची,
नवी


३० मार्च

प्रिय नवी,

विचारलं.

परवा सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसले. आवाज केला नाही, नुसती बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ठमे, तू आहेस ना?" लहानपणी मी धपाधप चालायचे म्हणून ते मला ठमी म्हणायचे. या वयातही तशीच चालते, असं दिसतं.

मी म्हटलं, "बाबा, मी कुठली साडी नेसलेय?"

म्हणाले, "म्हणजे कळलं तुला."

मला रडू आलं, त्यांनी येऊ दिलं. मग सगळं सांगितलं, अगदी ऑफिसातला अहवाल द्यावा तसं. निवृत्तीनंतर दिसणं हळूहळू कमी होत गेलं. आईला माहीत होतं. आईनेच सांगितलं होतं, पोरांना कळू देऊ नका, तुमच्या हातातली किटली काढून घेतील. घर ओळखीचं होतं, निभत होतं. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. डोळ्यांच्या नसा गेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत. उजव्या कोपऱ्यात थोडा उजेड तेवढा कळतो. डोकं मात्र ठणठणीत आहे, डॉक्टरांना त्यांनी त्यांच्या घराचा पिनकोड सांगितला.

आता पुढचं ऐक आणि बसून वाच. घर हलणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चिकटपट्टी तू बाथरूममध्ये कापायचीस, तो आवाज जास्त घुमायचा म्हणे. पेटी गेली त्या दिवशी घराचा आवाजच बदलला. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? पडलात, लागलं, तरी गप्प? तर म्हणाले, "नवी एवढी दमून भागून ते लपवत होती. तिची मेहनत वाया कशाला घालवू?"

नवी, आपण तिघांनी मिळून एकमेकांना ताण नको म्हणून काय करून ठेवलं हे.

निवासाला नाही कळवलं. बाबांचा निरोप आहे, शब्दशः लिहितेय. मी येईपर्यंत माझं काही लावू नकोस, आणि जागा कशी आहे ते कळव. छान आहे, उजेड आहे, असलं नको. हाताला कशी लागते ते लिही.

ताई


५ एप्रिल

प्रिय बाबा,

ताई वाचून दाखवतील. माझं अक्षर वाईट आहे, त्यांनाही त्रास होईल.

लॅबमधून आल्यावर डोळ्यांवर ओढणी बांधून घरात फिरले. तुमचा मुलगा त्याच वेळी आला, दारातच थबकला आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, काय चाललंय. सांगितल्यावर त्याने स्वतःच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि माझ्यावर येऊन आदळला. मग बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून राहिला. तुम्हाला पडल्यावर त्यानेच उचललं होतं ना, ते त्याच्या डोक्यातून जात नाही.

घर असं आहे. दारातून आत आलात की डाव्या हाताला गुळगुळीत भिंत, ती सोडू नका. ती संपते तिथे तुमच्या खोलीची चौकट, लाकडी आहे, मधोमध एक खाच आहे. तुमच्या खोलीतून बाहेर पडून पुन्हा डावा हात धरलात की बाथरूम. उंबरा नाही. स्वयंपाकघर मात्र उलट्या हाताला आहे, बाबा, जुन्या घरासारखं नाही. तेवढ्यासाठी पॅसेज ओलांडावा लागेल आणि मधे धरायला काही नाही. तिथे चपलांचं कपाट आडवं ठेवलं तर? की पेटी? हे मला ठरवता येत नाही, तुम्हीच सांगा. ओट्याचा काठ गोल आहे. शेगडी भिंतीकडे. वरची फळी तुमच्या हाताच्या उंचीला बसवून घेतली आहे आणि ती रिकामी ठेवली आहे.

घर अजून खोक्यांतच आहे. जेवतो खोक्यावर. लाज वाटते पण खरं सांगते, तुम्ही या म्हणजे लावायचं काम तरी माझ्या एकटीवर राहणार नाही.

तुमची,
नवी


२३ एप्रिल

चि. ठमे,

पुठ्ठ्याची पट्टी कागदावर ठेवून तिच्या कडेने लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सॉर्टिंग तू कर.

पहिले दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. नडगीला दोन ठिकाणी लागलं. रात्री उठलो की जुन्या घरातला हात पुढे यायचा आणि भिंत भलतीकडे असायची. एकदा मधोमध उभा राहिलो आणि कुठलीच बाजू लागेना. हाक मारावी लागली. आयुष्यात हाक मारायची सवय नव्हती, ती लावून घेतो आहे. धाकटा उठून आला. बघू म्हणाला नाही, त्याने हात धरला.

मग आम्ही तिघांनी सामान लावलं. मी खुर्चीत बसून सांगायचं, त्यांनी सरकवायचं, मी उठून हात लावून बघायचं, नापास करायचं. पॅसेजमध्ये पेटी आली, कपाट खोलीत गेलं. तुझ्या आईचं मशीन ओट्याच्या कोपऱ्याशी ठेवलं आहे. त्याच्या चाकाला हात लागला की समजायचं, शेगडी आली.

आज दुपारी नवी कामावरून आली. दारात चप्पल काढायला तिला वेळ लागला, त्यावरून तिची अवस्था कळली. मी म्हटलं, बस. चहा केला. सगळा मी केला, सांडला नाही. तिला कप दिला, तिने घोट घेतला आणि चांगला झालाय म्हणाली.

मग मी माझा कप तोंडाला लावला. खारट. साखर आणि मिठाचे डबे तिनेच घासून परत ठेवताना एकमेकांच्या जागी ठेवले होते, आणि मी चाखून न बघता घातलं. चूक दोघांची.

मी म्हटलं, "नवी, लपवालपवी जुन्या घरात राहिली. इकडे आणायची नाही."

ती म्हणाली, "खारट आहे, बाबा. आणि मी फार दमलेय. मला झोपायचंय."

कप तिच्या हातातून घेतला आणि जा म्हटलं. गेली. आत दार लागलं, पलंग वाजला, आणि नंतर काहीच आवाज आला नाही.

फोन तिच्या खोलीच्या दाराशीच आहे. म्हणून पत्र लिहितो आहे.

बाबा